फेकायचा फिशफाइंडर: कनेक्शन तुटतं, खोली चुकते, तर बिघाड शोधायचा कसा?

फेकायचा फिशफाइंडर म्हणजे दोरीला बांधून पाण्यात फेकायचा तरंगता बॉल; पाण्याखालचा तळ आणि मासे तो फोनच्या पडद्यावर दाखवतो. त्याच्याबद्दलची तक्रार जवळपास नेहमी एकाच वळणाची असते. पायाशी पाण्यात ठेवला तेव्हा बॉल मस्त चालत होता, तळ दिसत होता, खोली येत होती. चाळीस मीटरवर फेकला आणि पडदा गोठला. किंवा पडदा सरकतोय, पण खोलीच्या जागी नुसत्या दोन रेघा. किंवा खोली येते, पण घडीत दीड मीटर, घडीत तीन. मग सुरू होते नेहमीची धावपळ: ॲप काढून पुन्हा टाकायचं, फोन बंद-चालू करायचा, फर्मवेअर (बॉलच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट, सेन्सिटिव्हिटी (किती क्षीण प्रतिध्वनी दाखवायचा ते सेटिंग) वर-खाली. एवढं करून हाती काही लागलं नाही की निकाल ठरलेला, "बॉलच खराब आहे."

बॉल खराब निघण्याची वेळ फार क्वचित येते. दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असं मात्र सर्रास होतं. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी दोन मिनिटं पडद्याकडे नीट बघा.

आधी दुखणं कुठे आहे ते ठरवा

बॉल दोन कामं करतो आणि ती एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत. खालच्या अंगाने तो पाण्यात आवाज सोडतो आणि तळावर आपटून परत आलेला प्रतिध्वनी ऐकतो. वरच्या अंगाने, जे ऐकलं ते वायफाय किंवा ब्लूटूथने फोनला कळवतो. पाण्यात आवाज लांब जातो, रेडिओ जात नाही, 2.4 गिगाहर्ट्झची लहर पाण्यात काही सेंटिमीटरांतच विरून जाते. त्यामुळे या दोन कामांमध्ये येणारे अडथळेही वेगळे असतात आणि त्यांचे उपायही.

ओळखायचं असं. चित्र जागच्या जागी थांबलं, ॲप पुन्हा पुन्हा "कनेक्ट करतोय" म्हणतंय, बॉलच्या बॅटरीचा आकडा गायब झाला, तर रेडिओचा धागा तुटला आहे. अशा वेळी सेन्सिटिव्हिटी, बीम (आवाजाचा शंकू किती रुंद ते), गोडं पाणी की खारं, यांतलं काहीही बदललं तरी फरक पडणार नाही. याउलट बॅटरीचा आकडा दिसतोय, पाण्याचं तापमान दिसतंय, चित्र सरकतंय, फक्त खोली येत नाही किंवा विचित्र येते, तर रेडिओ ठणठणीत आहे आणि गडबड पाण्याखाली आहे. अशा वेळी ॲप काढून पुन्हा टाकणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

घरी बादलीत बॉल टाकून बघणारे बरेच असतात. बादलीत फक्त रेडिओची परीक्षा होते. बॉल चालू होतो का, फोनला सापडतो का, एवढंच तिथे कळतं. बादलीत खोली चुकीची आली किंवा आलीच नाही म्हणून घाबरू नका. तेवढ्या उथळ पाण्यात बहुतेक बॉलना तळ ऐकूच येत नाही. याचं कारण पुढे येईल.

फोनच बॉलला सोडून देतो

रेडिओच्या तक्रारींमध्ये सगळ्यात जास्त वेळा दोषी निघतो तो फोन. वायफायवर चालणारे बॉल स्वतःचं छोटं वायफाय नेटवर्क उभं करतात. त्या नेटवर्कवर इंटरनेट नसतं, असायचं कारणच नाही. पण आजकालच्या फोनला इंटरनेट नसलेलं वायफाय म्हणजे बिघडलेलं वायफाय वाटतं. तो काही सेकंद वाट बघतो आणि गुपचूप मोबाइल डेटावर किंवा ओळखीच्या दुसऱ्या नेटवर्कवर उडी मारतो. आपल्याला वाटतं अंतर जास्त झालं म्हणून कनेक्शन तुटलं. प्रत्यक्षात बॉल पायाशी असता तरी तेच झालं असतं, फक्त तोवर आपण तो फेकलेला असतो.

हे तपासायला साधी युक्ती आहे. फोन फ्लाइट मोडमध्ये टाका, मग वायफाय हाताने चालू करा आणि बॉलचं नेटवर्क निवडा. आता फोनला पळून जायला दुसरी जागाच नाही. या अवस्थेत कनेक्शन टिकलं, तर चोर सापडला. मग दर वेळी फ्लाइट मोड लावत बसायचं नसेल तर फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये "आपोआप मोबाइल डेटावर जा" अशा अर्थाचा पर्याय शोधून बंद करा. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये त्याचं नाव वेगळं आणि जागाही वेगळी असते. अँड्रॉइडवर पहिल्यांदा जोडताना "या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का" असा प्रश्न येतो. तिथे घाईत "नाही" दाबलं असेल, तर बॉलचं नेटवर्क फोनमधून विसरायला लावा, नव्याने जोडा आणि या वेळी "हो" म्हणा. व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद करा.

परवानग्यांचा घोळ वेगळाच. अँड्रॉइडमध्ये आसपासचं वायफाय किंवा ब्लूटूथ यंत्र शोधायला बऱ्याच ॲपना लोकेशनची परवानगी लागते, आणि नुसती परवानगी देऊन भागत नाही, लोकेशन चालूही असावं लागतं. आयफोनवर 2020 सालच्या आयओएस 14 पासून "लोकल नेटवर्क" ही स्वतंत्र परवानगी आली. ती नाकारलेली असेल तर फोन बॉलच्या वायफायला जोडलेला दिसतो, पण ॲपला बॉल सापडत नाही. हे लक्षण चटकन ओळखता येतं: सेटिंगमध्ये सगळं जोडलेलं, ॲपमध्ये सगळं रिकामं. परवानग्यांच्या यादीत जाऊन ते बटण चालू केलं की काम झालं.

ब्लूटूथवर चालणारे छोटे बॉल असतील तर नेमकं उलटं करायचं. फोनच्या ब्लूटूथ यादीतून जोडायच्या भानगडीत पडू नका, ॲपमधूनच जोडा. आधी यादीतून जोडून ठेवला असेल तर तो काढून टाका. आणखी एक किरकोळ पण डोकं फिरवणारी गोष्ट: सोबत आलेल्या मित्राने मागच्या खेपेला स्वतःच्या फोनवर तुमचा बॉल लावून बघितलेला असतो. बॉल पाण्यात पडून चालू झाला रे झाला, की त्याच्या खिशातला फोन तुमच्या आधी जाऊन त्याला चिकटतो, आणि तुम्ही इकडे "कनेक्ट करतोय" बघत बसता.

फोनचा बॅटरी सेव्हरही बंद ठेवा. पडदा मावळला की ॲप झोपवायचं, हेच त्याचं काम.

अंतर आणि उंची

एवढं सगळं करूनही ठरावीक अंतरापलीकडे कनेक्शन तुटत असेल, तर मग खरोखर रेडिओची ताकद कमी पडते आहे. खोक्यावर लिहिलेलं अंतर इथे उगाच आशा लावतं. डीपर प्रो प्लसच्या माहितीत 100 मीटर लिहिलेलं असतं, गार्मिन स्ट्रायकर कास्टच्या 60 मीटर, ब्लूटूथवाल्या आयबॉबरच्या साधारण 30. हे आकडे मोकळं शांत पाणी आणि आडवं काही नसणं गृहीत धरून दिलेले असतात. काठावर बसून, समोर वेत-लव्हाळं आणि पाण्यावर वाऱ्याच्या लाटा असताना तेवढं अंतर मिळेल अशी अपेक्षा ठेवणं चूकच.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यातच उपाय दडलेला आहे. तरंगत्या बॉलचा अँटेना पाण्याच्या वर जेमतेम अंगठ्याएवढा असतो. फोनपर्यंत रेडिओ एका बारीक रेषेत येत नाही, त्याला रेषेभोवती जाडसर मोकळी जागा लागते. 2.4 गिगाहर्ट्झला लहर साडेबारा सेंटिमीटरची. बॉल 50 मीटरवर असेल तर मध्यावर या मोकळ्या जागेची त्रिज्या सव्वा मीटरच्या आसपास भरते. आता तुम्ही बुटक्या खुर्चीवर बसलात आणि फोन मांडीवर, पाण्यापासून अर्ध्या मीटरवर आहे, तर मध्यावर ती रेषा पाण्याच्या वर फक्त एक वीतभर उरते. म्हणजे लागणाऱ्या जागेतला मोठा हिस्सा पाण्यानेच खाल्ला. शिवाय पाण्यावरून परावर्तित होऊन आलेली लहर सरळ आलेल्या लहरीला छेद देते, ते निराळंच.

ढोबळ हिशेब असा: पाण्यालगतच्या अशा जोडणीत अंतर दुप्पट झालं की सिग्नल सोळाव्या हिश्श्यावर येतो, आणि फोनची उंची दुप्पट केली की तो चौपट होतो. अर्ध्या मीटरवरून फोन दीड मीटरवर नेला तर नऊपट. यंत्राचं काहीही न बदलता, निव्वळ उभं राहून मिळणारी ही कमाई आहे. म्हणून फोन धरण्यासाठी रॉडला क्लिप लावतात ती बघून घ्या. रॉड स्टँडवर आडवा ठेवला की फोनही गुडघ्याएवढ्या उंचीवर येतो. त्यापेक्षा छातीच्या उंचीचा खुंट किंवा कॅमेऱ्याचा ट्रायपॉड बरा. उंच दरड असेल तर वर जा. आणि फोन छातीच्या खिशात ठेवून पाण्याकडे पाठ करून आमिष लावत बसू नका. माणसाचं शरीर म्हणजे या लहरींच्या दृष्टीने पाण्याचा पिंपच, ते सिग्नल अडवतं. ओल्या पानांचंही तसंच. समोर वेत असतील तर चार पावलं बाजूला सरकून जिथून बॉल डोळ्यांना सरळ दिसतो तिथे उभे राहा. बॉल दिसत नसेल, तर फोनलाही तो नीट "दिसत" नाही असं समजा.

लाटा असतील तर कनेक्शन तुटून-जुळून येतं, ठेक्यात. बॉल लाटेच्या खळग्यात गेला की गेलं, माथ्यावर आला की आलं. यावर इलाज नाही. जवळ फेका किंवा वारा पडायची वाट बघा. फोनची जाड धातूची केस मात्र काढून ठेवता येते.

फेकल्यावर संपर्क पूर्ण तुटला तरी लगेच गुंडाळायची घाई नको. हळूहळू ओढत आणा. ज्या अंतरावर संपर्क परत येतो ते लक्षात ठेवा, आणि पुढच्या वेळी उंची बदलून तेच अंतर पुन्हा तपासा. दोन्हींत फरक पडला तर कारण उंचीचं होतं; तसूभरही फरक नाही पडला तर पुन्हा फोनच्या सेटिंगकडे वळा.

खोलीचा आकडा खोटा का बोलतो

आता पाण्याखाली. इथे मात्र यंत्र बऱ्याचदा बरोबर असतं, आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारलेला असतो.

काठाजवळ आकडा जाणं किंवा वेडंवाकडं येणं हा बिघाड नव्हे. बॉलमधला जो भाग आवाज सोडतो तोच ऐकतो. सोडल्यावर तो क्षणभर थरथरत राहतो आणि तेवढ्यात आलेला प्रतिध्वनी त्याला ऐकू येत नाही. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1480 मीटर जातो, म्हणजे अर्धा मीटर खोल तळावर जाऊन परत यायला एक सहस्रांश सेकंदही पुरा लागत नाही. थरथर तेवढी टिकली की तळ हुकला. म्हणून बऱ्याच बॉलची किमान खोली अर्ध्या मीटरच्या आसपास असते. वरच्या फ्रिक्वेन्सीवर चालणारे काही नवे बॉल 15 सेंटिमीटरपर्यंत खाली येतात. गुंडाळत आणताना शेवटच्या काही मीटरांत आकडा गेला, तर गेला.

दुसरा प्रकार: आकडा अचानक बरोबर दुप्पट होतो. उथळ पाणी आणि कडक तळ, खडक किंवा घट्ट वाळू, असेल तर आवाज तळावर आपटून वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागावरून पुन्हा खाली जातो आणि दुसऱ्यांदा परततो. पहिला प्रतिध्वनी थरथरीत हुकला की यंत्र दुसऱ्यालाच तळ समजतं, आणि 60 सेंटिमीटरच्या जागी 1.2 मीटर दाखवतं. जरा खोल पाण्यात हीच दुसरी रेघ कामाची असते. पडद्यावर तळाच्या खाली, दुप्पट खोलीवर फिकट दुसरा तळ दिसला तर खाली कडक जमीन आहे. मऊ गाळावर ती रेघ बहुधा उमटत नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा, कारण त्यात आकडा स्थिर असतो, शहाण्यासारखा दिसतो आणि तरी चुकीचा असतो. उतार. काठावरून फेकताना आपण बहुतेक वेळा उतारावरच फेकत असतो. बॉलचा आवाज शंकूच्या आकारात खाली पसरतो, आणि त्या शंकूत जे सगळ्यात जवळ असेल त्याचा प्रतिध्वनी आधी येतो. उतारावर सगळ्यात जवळचा तळ बॉलच्या नेमका खाली नसतो, काठाच्या बाजूला असतो. दर दोन मीटरला एक मीटर उतरणारा तळ घ्या. बॉलच्या सरळ खाली 4 मीटर पाणी असेल, तर 55 अंशांचा रुंद बीम जवळपास 3.6 मीटर दाखवेल. 15 अंशांचा अरुंद बीम 3.8 च्या आसपास. म्हणजे रुंद बीमने 40 सेंटिमीटर खाल्ले. आणि त्या 40 सेंटिमीटरांत तळाला चिकटून जे मासे असतील ते तळाच्या रेघेतच गडप होतात. उताराला बसणारे मासे सोनारवर (आवाजाने तळ शोधणाऱ्या या यंत्रावर) दिसत नाहीत आणि गळाला मात्र लागतात, त्याचं गूढ इथे आहे.

त्यामुळे खोली मोजायची असेल तेव्हा अरुंद बीम लावा, आणि मासे आहेत का याचा अंदाज घ्यायचा असेल तेव्हा रुंद. एकाच फेकीत दोन्ही कामं उरकायच्या नादात दोन्ही बिघडतात. माझं मत विचाराल तर काठावरून रुंद बीमचा उपयोग फार थोडा आहे. खोली, उतार कुठे मोडतो, गाळ कुठे संपतो, हे एकदा कळलं की मासे कुठे असतील ते बऱ्यापैकी सांगता येतं.

पाणवनस्पती दाट असतील तर यंत्र त्यांच्या शेंड्यांनाच तळ समजून बसतं. ही शंका फेडायला जुना उपाय अजूनही सगळ्यात चांगला: दुसऱ्या रॉडवर शिसं आणि सरकता फ्लोट. शिसं तळाला टेकवा, दोरी हाताने थोडी थोडी सोडा आणि फ्लोट पृष्ठभागावर उगवेपर्यंत किती दोरी गेली ते मोजा. सोनार दोन मीटर म्हणतोय आणि फ्लोट तीन म्हणतोय, तर मधला एक मीटर झाडोरा आहे. शिसं ओढताना टप्प टप्प लागलं तर खडे, गुळगुळीत जड आलं तर गाळ, हेही हाताला कळतं. बॉलवर भरवसा बसण्याआधी ओळखीच्या एका जागी दोन्ही मोजमापं ताडून घ्यावीत.

काही जण चुकीच्या खोलीचा दोष पाण्याच्या तापमानाला देतात. आवाजाचा वेग तापमानावर अवलंबून असतो हे खरं. 1826 साली कोलाडॉन आणि स्टर्म यांनी जिनिव्हा सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून हा वेग मोजला, तेव्हा 8 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो सेकंदाला 1435 मीटर आला. पण 1480 आणि 1435 यांतला फरक आहे तीन टक्क्यांचा. पाच मीटरला पंधरा सेंटिमीटर. खाऱ्या पाण्यात वेग थोडा वाढतो, तिथेही फरक दोन-तीन टक्क्यांचाच. तुमचा आकडा अर्ध्या-एक मीटरने चुकत असेल तर तापमान निर्दोष आहे. गोडं-खारं हे सेटिंग योग्य ठेवा, त्यापलीकडे विचार करू नका.

तापमानावरून आठवलं, उन्हात तापलेल्या पिशवीतून काढलेला बॉल पहिली काही मिनिटं पाण्याचं नाही, स्वतःचंच तापमान सांगतो. आणि नंतर सांगतो ते पृष्ठभागाचं.

बुडबुडे, ओढ आणि तिरका बॉल

खोली येते-जाते, येते-जाते, चित्रात उभे पांढरे पट्टे. हे बहुधा हवेचं काम. पाणी आणि हवा यांच्या सीमेवरून आवाज जवळपास सगळाच मागे फिरतो, त्यामुळे बॉलच्या पोटाला चिकटलेला एखादा बुडबुडाही त्याला आंधळा करायला पुरतो. फेकीनंतर पाण्यात आपटल्यावर खाली बुडबुड्यांचा ढग तयार होतो. तो विरायला काही सेकंद द्या आणि मगच ओढायला लागा. बॉलच्या पोटावर हाताचं तेल किंवा आमिषाचा चिकटा असेल तर बुडबुडे धरून बसतात. भांड्याच्या साबणाचा थेंब लावून पुसा, कापड मऊ असू द्या.

ओढायचा वेग फार महत्त्वाचा. रीळ जोरात फिरवलं की बॉलच्या नाकापुढे पाण्याची मिशी उठते, हवा खाली शिरते, आणि चित्र फाटतं. मिशी दिसली की वेग जास्त. पाण्यावर फक्त बारीक सुरकुती उठेल एवढ्याच वेगाने आणा. रॉडचं टोकही खाली, पाण्याकडे ठेवा. उंच दरडीवरून दोरी ताणून ओढली की बॉलचं नाक वर उचललं जातं आणि शंकू सरळ खाली न पडता तिरका जातो. मग सपाट तळही उतरता दिसतो. रेडिओसाठी उंची चांगली, ओढायला वाईट, हा पेच खरा आहे. त्यातून वाट अशी की फोन वर ठेवायचा आणि रॉड खाली धरायचा. म्हणूनही फोन रॉडला बांधू नये.

काही बॉलना दोरी अडकवायच्या एकाहून जास्त जागा असतात. काठावरून फेकायची जागा वेगळी, नावेतून किंवा सरळ खाली सोडायची वेगळी. मधल्या जागी अडकवून काठावरून ओढलं तर बॉल डुगडुगतो आणि गिरक्या घेतो. पुस्तिकेतलं ते एक चित्र तरी बघून घ्या.

शांत पाण्यात सपाट आणि वाऱ्यात करवतीसारखा दातेरी तळ दिसला तर तळ बदललेला नाही, बॉल लाटांवर वर-खाली होतोय.

जवळपास दुसऱ्या कुणाचा त्याच फ्रिक्वेन्सीचा सोनार चालू असेल, किंवा सोनार लावलेली नाव गेली, तर पडद्यावर तिरप्या ठिपक्यांच्या रांगा येतात. फ्रिक्वेन्सी बदला किंवा नाव जाऊ द्या. सेन्सिटिव्हिटी कमी करून त्या रांगा पुसता येतात, पण त्याबरोबर बारीक मासेही पुसले जातात.

माशांची चित्रं

पडदा माशांनी भरलाय आणि गळाला काही नाही, ही तक्रार खरं म्हणजे यंत्राची नाहीच. माशाचं चित्र हा ॲपचा अंदाज असतो. पाण्यात मध्येच काही प्रतिध्वनी आला की ॲप तिथे मासा काढतं, मग तो बुडबुडा असो, तरंगतं पान असो नाहीतर गवताचा शेंडा. ते सेटिंग बंद करा आणि कच्चं चित्र वाचायला शिका. पडदा डावीकडे सरकतो तो वेळेनुसार, अंतरानुसार नाही. बॉल एका जागी उभा असताना खाली एकच मासा रेंगाळला, तर लांबलचक आडवी रेघ उमटते. तोच मासा तीनदा आत-बाहेर करून गेला तर तीन मासे दिसतात. माशांची कमान, म्हणजे पडद्यावर मासा कमानीच्या आकारात उमटलेला, बघायची असेल तर बॉल हलता हवा.

आणि मासा दिसला म्हणजे तो बॉलच्या खाली आहे असं नव्हे. पाच मीटर खोलीवर 55 अंशांचा बीम पाच मीटरहून रुंद वर्तुळ बघतो. मासा त्यात कुठेही असेल. माशाचा प्रतिध्वनी मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून येतो, त्यामुळे जी जात ही पिशवी बाळगत नाही, उदाहरणार्थ बांगड्याच्या कुळातले काही मासे, ती असूनही फिकी दिसते.

नकाशा वाकडा येतो

तळाचा नकाशा काढणाऱ्यांसाठी एवढंच: बॉलमध्ये स्वतःचा जीपीएस आहे की नाही ते आधी बघा. नसेल तर ॲपला फक्त फोनची जागा कळते, म्हणजे तुम्ही काठावर जिथे उभे आहात ती, आणि पाण्याच्या खोलीचे सगळे ठिपके तुमच्या पायाशी येऊन पडतात. बॉलमध्ये जीपीएस असेल तर चालू करून उघड्या आभाळाखाली मिनिटभर ठेवा, जागा पक्की होऊ द्या, मग फेका. तरीही चार-पाच मीटरची चूक धरून चाला. झाडीखाली याहून जास्त.

फेकताना आणि घरी आल्यावर

साधारण शंभर ग्रॅमचा गोळा फेकायला रॉड त्याच तोलाचा हवा. हलक्या रॉडने झटका देऊन फेकला की दोरी तुटते आणि बॉल एकटाच समुद्रपर्यटनाला जातो. ब्रेडेड दोरी, मजबूत क्लिप, दोरी पूर्ण मागे नेऊन सावकाश झोका. दोरी तुटलीच तर बॉल तरंगतो, वारा त्याला कुठल्यातरी काठाला लावतो. त्याच्या मागे पोहत जाऊ नका.

बॅटरी आपोआप उतरण्याची तक्रार बहुतेक वेळा एकाच कारणाची असते. हे बॉल पाणी लागलं की चालू होतात. बाहेरच्या धातूच्या पिनांमध्ये पाण्याचा पूल तयार झाला की झालं. ओला बॉल कापडी पिशवीत कोंबला की ओलसर कापडही तेवढाच पूल बांधतं, आणि बॉल पिशवीत रात्रभर तळ शोधत राहतो. पिना कोरड्या पुसा, दिवा बंद झाला का बघा, मग पिशवीत टाका. उलट तक्रार, म्हणजे पाण्यात टाकूनही चालू होत नाही, तीही पिनांचीच असते: त्यांवर पांढरा क्षार किंवा हिरवट गंज चढलेला असतो. जुन्या टूथब्रशने घासा. खाऱ्या पाण्यात वापरला असेल तर दर वेळी गोड्या पाण्याने धुवायचाच.

चार्जिंगचं झाकण उघडण्याआधी बॉल पुरता कोरडा करा. झाकण बंद करताना त्याच्या रबरी कडीवर वाळूचा कण नाही ना ते बोटाने बघा. एका कणाने पाणी आत शिरतं. आत दव किंवा थेंब दिसले तर चार्जर लावू नका आणि बॉल स्वतः उघडायलाही जाऊ नका, आत लिथियमची बॅटरी आहे. वॉरंटी चालू असताना सरळ कंपनीकडे पाठवा.